ताकद सकाळी असते

सकाळी मी साठ किलोचा रॉड जमिनीवरून उचलायचे आणि त्याच दिवशी संध्याकाळी मला पोळी चावता यायची नाही. हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या नवऱ्याकडे, ही बाई ठीक आहे ना अशा अर्थानं.

मी वंदना. उत्तर नागपुरात आमच्या वस्तीच्या समाजभवनात, वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, बायकांना वजनं उचलायला शिकवते. 'शिकवते' लिहावं की 'शिकवत होते', यावर मी बराच वेळ अडून बसले होते. शेवटी 'शिकवते' ठेवलं. ते खरं आहे की नाही, याच एका गोष्टीनं माझं सबंध आजारपण पोखरून काढलं, त्यामुळे पुढे वाचून तुम्हीच ठरवा.

लिहायला मला माझ्या डॉक्टरबाईंनी सांगितलं. त्यांच्याकडे या आजाराच्या दुसऱ्या बायका येतात, घाबरलेल्या असतात, त्यांच्या हातात द्यायला काहीतरी हवं म्हणाल्या. मी म्हटलं, मलाच अजून धड समजलेलं नाही, मी काय डोंबल लिहू? त्या म्हणाल्या, तेच लिहा. तर तेच लिहिते. धीर मिळाला तर घ्या, नाही मिळाला तर एवढं तरी कळेल की डोक्याचा गोंधळ झालेल्या तुम्ही एकट्याच नाही.

कांदा आणि शिट्टी

सुरुवात उन्हाळ्यात झाली, आणि नागपुरात उन्हाळ्यात माणसाला काहीही झालं तरी ते उन्हामुळेच होतं. त्यामुळे दोन महिने कोणाला काही वेगळं वाटलं नाही. मला तर नाहीच.

आधी आमच्या हॉलबद्दल थोडं सांगते. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना फोटोतल्यासारखं दिसायचं नसतं. शकुन काकू आल्या त्या गुडघे धरून. साठी उलटलेली, बुद्धविहारात वंदनेला खाली बसल्या की उठताना दोघींनी दोन्हीकडून धरावं लागायचं. पहिल्या दिवशी त्यांनी मला बजावलं, "मले काही पहिलवान बनाचं नाही वं. मले फक्त माह्या भरोशावर उठाचं आहे." वर्षभरात त्या उठायला लागल्या. नंतर मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी उठायच्या, म्हणजे लोकांनी पाहावं. रोशनी आली ती बाळंतपणानंतर. कापडाच्या दुकानात दिवसभर उभं राहायचं काम, कंबर गेलेली. दोन वर्षांत ती हॉलमधली सगळ्यात ताकदवान मुलगी झाली.

आणि मी कशी? मी ओरडणारी. "अजून एक!" हे माझं वाक्य खालच्या पानठेल्यापर्यंत ऐकू जायचं. 'थकले' हा शब्द हॉलमध्ये बंद होता. जी म्हणेल तिला पाच बैठका जास्त. बायकांनाही हा नियम फार आवडायचा, एकमेकींना बोलण्यात अडकवून तो शब्द वदवून घ्यायच्या आणि मग टाळ्या पिटायच्या. मी रोज फळ्यावर काहीतरी लिहायचे आणि तेच ग्रुपवर टाकायचे. 'आज होत नाही असं वाटतंय? शरीराला विचारू नका, ते खोटं बोलतं.' असली वाक्यं मला भराभर सुचायची आणि ती मला मनापासून खरी वाटायची.

तर त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी शकुन काकू माझ्यासमोर डंबेल घेऊन उभ्या होत्या आणि एकदम म्हणाल्या, "काहून वं, मले डोळा मारून राहिली का?" सगळ्या हसल्या. मी पण हसले. आरशात पाहिलं तर डावी पापणी अर्धी खाली आलेली. सकाळी पाहिलं तर जागेवर.

"ऊन लागलं तुले," सासूबाई म्हणाल्या. त्या मूळच्या कुही तालुक्यातल्या. शेतात जाणाऱ्या माणसाच्या खिशात कांदा ठेवायचा, म्हणजे ऊन बाधत नाही, हे त्यांचं शास्त्र. माझ्या ट्रॅक पॅन्टच्या खिशात त्यांनी रोज कांदा ठेवायला सुरुवात केली. मी बैठक कशी मारायची ते करून दाखवत होते, तर तो खिशातून निसटला आणि हॉलभर घरंगळत गेला. त्या दिवशी कोणाचाच व्यायाम झाला नाही.

मग आवाज जायला लागला. सकाळी ठणठणीत, संध्याकाळी नाकातून यायचा. घसा बसला समजून मी ओरडणं बंद केलं आणि शिट्टी वापरायला लागले. काही दिवसांनी शिट्टीही वाजेना, नुसती फुसफुस. बिघडली म्हणून नवी आणली. ती सकाळी वाजली आणि संध्याकाळी नाही. ओठांच्या कडेनं हवा निघून जात होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी दुकानदाराशी भांडून आले.

"तुम्ही तर एकदम फिट आहात"

चौकातल्या डॉक्टरांकडे गेले, तेही सकाळी, कारण संध्याकाळी बॅच. त्यांनी माझे हात धरले आणि म्हणाले, ढकला. मी ढकललं. ते खुर्चीसकट मागे सरकले. "तुमच्यात माझ्यापेक्षा जास्त ताकद आहे," ते हसून म्हणाले. "थकवा वाटतो का?"

"नाही," मी म्हटलं.

खोटं बोलायचं म्हणून बोलले नाही. तो शब्द माझ्या तोंडातून येतच नव्हता. इतकी वर्षं दुसऱ्यांना बंदी केली होती, ती मलाही लागू झालेली. त्यांनी टॉनिक लिहून दिलं, ताण कमी करा म्हणाले. घरी येताना मी याचा सरळ अर्थ लावला की शरीरात काही नाही, म्हणजे मनात आळस शिरलाय. आणि आळशी बाईचं काय करायचं ते मला पाठ होतं. मी रॉडवर प्लेटा वाढवल्या आणि एक सेट जास्त केला.

गंमत अशी की सकाळी ते जमायचं! सकाळी जमलं की वाटायचं, बघ, होतं की, संध्याकाळी तू नाटक करतेस. संध्याकाळी केस विंचरायला हात वर जायचा नाही, तेव्हा वाटायचं, सकाळचं खरं की हे खरं? एकाच दिवसात दोन वेगवेगळ्या बायका माझ्या अंगात राहून जात होत्या आणि दोघी एकमेकींना खोटं ठरवत होत्या. मी सकाळच्या बाईच्या बाजूनं होते.

एक दिवस संध्याकाळी चहा प्यायले तो नाकातून परत आला. प्रमोद, माझा नवरा, समोरच बसला होता. महाल भागात त्याचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. उन्हाळ्यात त्याला जेवायला फुरसत नसते, पंप बसवा, गवत बदला, दिवसभर फोन. त्यानं फोन खिशात टाकला आणि म्हणाला, "उद्या दुकान बंद. चाल माह्यासंग."

बर्फ

या डॉक्टरबाई मेंदू आणि नसांच्या. त्यांनीही विचारलं, थकवा येतो का? मी म्हटलं, नाही.

"डॉक्टर, हे खोटं बोलून राहिली," प्रमोद म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, दुसऱ्यांसमोर त्यानं माझं बोलणं कधी तोडलं नव्हतं. "संध्याकाळी हिचं बोलणं मले समजतच नाही. महिना झाला. मी नुसतं हो हो करतो."

मी त्याच्याकडे पाहतच राहिले. महिनाभर मी त्याला दिवसभराचं सगळं सांगत होते. बॅचचं, सासूबाईंचं, मुलाला पुण्याला फोन केला त्याचं. आणि त्याला त्यातलं काहीच कळत नव्हतं?

डॉक्टरबाईंनी पेन वर धरलं आणि त्याच्याकडे बघत राहायला सांगितलं, पापणी न हलवता. आधी जमलं. मग एकाची दोन पेनं दिसायला लागली. मग डावी पापणी आपोआप खाली आली, दुकानाचं शटर यावं तशी. मी पूर्ण जोर लावला. जोर लावल्यावर ती आणखी खाली आली. त्यांनी रबरी हातमोज्यात बर्फ भरून माझ्या डोळ्यावर ठेवला. थोड्या वेळानं काढला आणि समोर आरसा धरला. डोळा टक्क उघडा.

मला वाटलं बरी झाले. मी प्रमोदकडे पाहून हसले. तो हसला नाही. नंतर त्यानं सांगितलं की मी हसत होते तेव्हा चेहरा कोणावर तरी चिडल्यासारखा दिसत होता.

मायस्थेनिया ग्रेव्हिस. नाव लक्षात ठेवायला मला आठवडा लागला. तपशील तुम्हाला तुमचे डॉक्टर सांगतील; मला जे समजलं ते एवढंच की माझे स्नायू चांगले आहेत आणि नसाही चांगल्या आहेत, पण नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचायच्या जागी माझंच शरीर आडवं येतं. पहिला निरोप पोचतो, दुसरा अर्धा पोचतो, दहावा पोचतच नाही. आराम केला की पुन्हा पोचायला लागतो.

"म्हणजे व्यायामानं झालं?"

"नाही. व्यायामानं झालेलं नाही."

"मग व्यायामानं जाईल?"

"तसंही नाही."

"मग हा आळस नव्हता?"

त्यांनी लिहिता लिहिता वर पाहिलं. "कोण म्हणालं आळस?" मला एकदम रडू आलं, आणि आनंदानं आलं की दुःखानं, ते आजही सांगता येणार नाही. आळस नाही हे ऐकून बरं वाटलं होतं. पण आळस असता तर त्याचं काय करायचं ते मला येत होतं.

एका श्वासात

गिळणं बिघडलं होतं म्हणून त्यांनी भरती करून घेतलं, लक्ष ठेवायच्या खोलीत. तिथला दिनक्रम गोळ्यांभोवती फिरायचा. गोळी आली की थोड्या वेळानं तोंड काम करायला लागायचं, तेवढ्यात जेवून घ्यायचं. पातळ वरण आणि मऊ भात. गोळीनं पोटात मुरडा यायचा, पण घास खाली जायचा. घास खाली जातो याचा एवढा आनंद असतो, हे मला माहीत नव्हतं.

दिवसातून काही वेळा सिस्टर यायच्या आणि म्हणायच्या, "मोठा श्वास घ्या आणि एका श्वासात जमेल तिथपर्यंत मोजा." श्वासाचे स्नायू किती टिकतात ते त्यावरून कळतं. पहिल्या दिवशी मी कुठे थांबले ते त्यांनी लिहून घेतलं. मी विचारलं, किती आलं? त्यांनी सांगितलं. आणि तिथेच घोळ झाला. आकडा दिसला की तो वाढवायचा, दुसरं मला काही येतच नाही.

दुसऱ्या दिवशी दोन जास्त मोजले. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी थोडे. प्रमोदला अंगठा दाखवला. हे कसं जमत होतं, तर मधे एखाद्या आकड्याच्या आडून नाकानं थोडी हवा आत ओढली तर सिस्टरना कळत नाही, हे मला सापडलं होतं. हॉलमध्ये एखादीनं बैठक अर्धी मारली तर मी दहा फुटांवरून पकडते, आणि इथे मीच चोरून श्वास घेत होते. तेव्हा मला ती चोरी वाटली नाही. मी जोर लावते आहे, एवढंच वाटलं.

शकुन काकू आणि रोशनी भेटायला आल्या त्याच वेळी सिस्टर आल्या. मी मोजायला लागले. आवाज अडखळला तशा दोघी सवयीनं ओरडल्या, "अजून एक! अजून एक!" शेजारच्या पलंगावरचे आजोबा दचकून उठून बसले. सिस्टर भडकल्या, "इथं कुस्ती लागली का? बाहेर व्हा दोघी!" पण तोवर मी माझा सगळ्यात मोठा आकडा गाठला होता आणि शकुन काकू दारातून टाळ्या वाजवत होत्या.

आकडे चांगले दिसले म्हणून मला साध्या वॉर्डात हलवलं.

त्याच दुपारी प्रमोद डबा आणायला खाली गेला होता. मला दम लागायला लागला. दम म्हणजे धापा नाहीत. धापा टाकायलाही ताकद लागते. छाती हलायचीच कमी झाली. हाक मारायला गेले तर आवाज नाही. बेलचं बटण उशीजवळ होतं, हात तिथवर सरकेना. पंखा फिरताना दिसत होता आणि मी स्वतःला सांगत होते, होईल, अजून एक घे, अजून एक. आयुष्यात एवढी घाबरले नव्हते. आणि जे वाक्य मी सगळ्यांना देत आले ते माझ्या कामाला येत नव्हतं.

प्रमोद डबा घेऊन आला, माझा चेहरा पाहिला, आणि डबा टाकून ओरडत पळाला. पुढे घशात नळी आणि यंत्र. ते दिवस मला सलग आठवत नाहीत. प्रमोदचा हात आठवतो, त्याला कूलरच्या पंपाच्या तेलाचा वास यायचा. दुकानात तो गेलाच नव्हता, तरी यायचा.

डॉक्टरबाई रोज पायाशी उभ्या राहून म्हणायच्या, "आकडे इतके चांगले होते, मग एकदम असं कसं झालं?" घशात नळी, मी काय सांगणार? नळी निघाल्यावर पहिलं काय बोलले, तर हेच. मी मध्ये श्वास घेत होते.

त्यांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्या खाली बसल्या. "वंदनाताई, मला तुमचा चांगला आकडा नको होता हो. खरा हवा होता. खोट्यावर मी तुम्हाला तिकडे पाठवलं." त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. सिस्टर मात्र रागावल्या. त्या दिवसापासून मोजताना माझ्या नाकासमोर येऊन उभ्या राहायच्या.

शकुन काकूंना वाटलं सगळं त्यांच्या ओरडण्यानं झालं. पलंगाशी बसून पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "माह्याच तोंडाले आग लागो." मी त्यांना सांगितलं की ओरडायला मीच शिकवलं होतं. त्यांना ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही.

घर

घरी आल्यावर सगळे माझ्या हातातून वस्तू काढून घ्यायला लागले. ग्लास उचलला की प्रमोद धावत यायचा. मी चिडायचे. तो म्हणायचा, "मी डबा घेऊन आलो तवा तू कशी दिसत होती, ते तू नाही पाहिलं." त्याचा सगळा सीझन माझ्या पलंगाशी गेला होता, आणि मी ग्लासावरून भांडत होते.

सकाळी गोळी लागू पडली की मी भांडी घासायचे, मोठं पातेलंसुद्धा, कारण तेव्हा घासता येत होती. दुपारी केस विंचरायला हात उठायचा नाही. सासूबाई विचारायच्या, "सकाळी तं गंज घासला तू. आता कंगवा काहून नाही उचलत?" त्यांना टोमणा मारायचा नसायचा. त्यांना खरंच कळत नव्हतं. मलाही कुठे कळत होतं? एक दिवस त्यांनी विचारायचं सोडलं, कंगवा घेतला आणि माझ्या मागे येऊन बसल्या. लग्नानंतर एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्या डोक्याला हात लावला नव्हता. तेल लावून घट्ट वेणी घातली, शाळकरी पोरीची घालतात तशी. मला ती इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी हात उठत असूनही मी कंगवा त्यांच्याकडे दिला.

ग्रुपवर बायका मला धीर द्यायच्या. मनानं चांगल्या, पण पाठवायच्या माझीच वाक्यं. 'शरीराला विचारू नका, ते खोटं बोलतं.' खाली हात जोडलेले. मी फोन पालथा ठेवून द्यायचे.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, हळूहळू हलका व्यायाम सुरू करा. सकाळी, गोळी घेतल्यावर. थकायच्या आधी थांबा.

"थकायच्या आधीची जागा थकल्याशिवाय कशी कळेल?" मी विचारलं. खरंच विचारलं, वाद म्हणून नाही.

त्या हसल्या. "ते तुम्ही शोधा आणि मलाही सांगा."

"आणि शिकवायचं?"

"ओरडायचं नाही. उन्हात नाही, संध्याकाळी नाही. पूर्वीइतकं वजन उचलता येईल असं मी वचन देणार नाही. बाकी शिकवा की."

बाकी काय उरतं, ते मला कळेना. जी स्वतः उचलू शकत नाही, ओरडू शकत नाही, आणि उद्या येईन की नाही हे सांगू शकत नाही, तिच्याकडे कोण शिकायला येईल? मीच आले नसते.

खुर्ची

थंडी पडल्यावर मी हॉलमध्ये गेले. निम्म्याही बायका उरल्या नव्हत्या. हमरस्त्यावर नवी जिम निघाली होती, गार हवा, मोठे आरसे, आणि चांगला खणखणीत ओरडणारा ट्रेनर. पहिले काही दिवस फुकट. रोशनीच्या खांद्यावर त्या जिमची पिशवी होती. तिनं ती पाठीमागे लपवली, मी पाहिलं नाही असं दाखवलं.

मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. माझा आवाज ऐकू यावा म्हणून गाणी बंद करावी लागली. करून दाखवायला शकुन काकू पुढे उभ्या राहायच्या आणि इतकं चुकीचं करायच्या की त्यांना दुरुस्त करता करता बाकीच्यांचं सुधारायचं. 'थकले'चा नियम उठवला असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं. तरी कोणी म्हणेना, जिभेला सवयच नव्हती. हॉल इतका शांत असायचा की खाली कोणी पान सांगितलं तर वर ऐकू यायचं. या माझी दया येते म्हणून येतात की शिकायला येतात, हे मला उमगत नव्हतं, आणि विचारायची छाती नव्हती.

एका सकाळी रोशनी नेहमीच्या वजनाशी उभी राहिली. खाली वाकली, रॉड धरला, आणि तशीच राहिली. मग सोडून उभी झाली.

"ताई, मले आज होत नाही," ती म्हणाली. मग जवळ येऊन हळूच, "खरंच होत नाही, का मी नखरे करून राहिली? सांगा ना."

पूर्वी हा प्रश्न पुरा व्हायच्या आत मी उत्तर दिलं असतं. आता मी तिच्याकडे पाहिलं. चेहरा, खांदे, उभं राहणं, सगळं पाहिलं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"मले माहीत नाही," मी म्हटलं.

"मंग कोणाले माहीत?"

"तेही माहीत नाही. बस इथं थोडी."

ती माझ्या खुर्चीपाशी खाली बसली. पाणी प्यायली. बऱ्याच वेळानं उठली, दोन्हीकडच्या प्लेटा उतरवल्या, हलक्या रॉडनं थोडं केलं आणि पिशवी उचलून गेली. जाताना 'येते' म्हणाली नाही. मला वाटलं, गेली. ज्या कोचला हेही सांगता येत नाही, तिच्याकडे कोणी का थांबावं? घरी जाऊन मी प्रमोदला सांगितलं, आता हॉलची किल्ली परत करून टाकू. तोही गोंधळला होता.

दुसऱ्या दिवशी किल्ली द्यायची म्हणूनच निघाले. जिना मध्ये एकदा थांबून चढले. शकुन काकूंनी त्यांच्याजवळच्या किल्लीनं दार उघडलेलं होतं, आणि आत रोशनी रॉडला प्लेटा लावत होती.

"जिमले नाही गेली?" मी विचारलं.

"गेली होती ना, काल संध्याकाळी." तिनं प्लेट सरकवली. "तिथं मी विचारलं तं तो म्हणे, होते, होते, कसं नाही होत! माह्याकडे पाहिलं बी नाही त्यानं." दुसरी प्लेट लावून तिनं हात पुसले. "मले पाहाचं आहे, होते का नाही ते. तुमचं आज कसं आहे, ताई?"

"अजून समजलं नाही," मी म्हटलं आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली. "चाल, पाहू."